सोसायटीची टेकडी, ओढा आणि मोकळी जागा: उपऱ्या तणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची सोसायटी पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी आहे. मागे मुरमाड उतार, खाली ओढा, आणि नकाशात 'ओपन स्पेस' म्हणून दाखवलेली साधारण दीड एकर जागा. गेले सहा पावसाळे आम्ही काही रहिवासी मिळून या जागेतली तणं काढतो आहोत. आसपासच्या सोसायट्यांमधून फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि फिरायला जाताना तेच तेच प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पुण्याच्या हवामानाला धरून आहेत. कोकणात पाऊस जास्त, माती वेगळी आणि रानमोडीसारखी तणंही वेगळी, त्यामुळे तिथल्या मंडळींनी वेळापत्रक आपल्या पावसाप्रमाणे बदलून घ्यावं.

१. आपोआप उगवलेलं प्रत्येक रोप तणच का? 'उपरं तण' कशाला म्हणायचं?

नाही, प्रत्येक रोप तण नसतं. शेतात पिकाच्या आड येणारं ते तण. टेकडीवर पीकच नाही, म्हणून तिथे आम्ही दोन गोष्टी बघतो: रोप बाहेरच्या मुलखातून आलेलं आहे का, आणि ते इथल्या गवताला-झुडपांना जागा उरू देत नाही का. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच ते आमच्या यादीत येतं. एकदांडी मूळची मध्य अमेरिकेतली. लहानपणी गुडघा फुटला की हिचाच पाला चोळून लावायचे. पण ती जमिनीलगत राहते, कुणाला फारसं अडवत नाही, म्हणून तिला आम्ही हात लावत नाही. उलट तेरडा, कुर्डू, टाकळा, आघाडा पावसाळ्यात माजल्यासारखे दिसतात, पण ते इथलेच आहेत. ते चुकून उपटले जाणं हे आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांत मोठ्या तक्रारींपैकी एक आहे (प्रश्न १४ पहा).

२. आमच्या जागेत कोणकोणती तणं असतील? ओळखायची कशी?

सगळ्यांत आधी गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत. कोवळं असताना ते जमिनीला चिकटून गोल पसरतं. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, हाताला किंचित लवदार. मग मधून दांडा वर येतो आणि त्यावर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं दिसू लागतात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते भारतात पसरलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली ती आपल्या पुण्यातच.

घाणेरीला काही जण टणटणी म्हणतात. चौकोनी काटेरी दांडा, चुरगळलं की उग्र वास येणारं खरखरीत पान, एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुलं. सुबाभूळ ओळखायची ती पांढऱ्या गोंड्यासारख्या फुलांवरून आणि झुबक्याने लटकणाऱ्या चपट्या तपकिरी शेंगांवरून. गिरिपुष्प उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळून गुलाबी फुलांनी भरतं. विलायती तुळस कमरेपर्यंत किंवा त्याहूनही उंच वाढते, तिच्या वासाने कपडेसुद्धा भरतात. कॉसमॉसची नारिंगी फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर सगळ्यांनी पाहिलेली आहेत. ओढ्यात जलपर्णी, काठाला फिकट जांभळ्या तुतारीसारख्या फुलांची बेशरम.

आणि एक आपणच पैसे देऊन आणलेलं: वेडेलिया. बागेच्या कडेला हिरवा गालिचा म्हणून नर्सरीवाले देतात, पिवळी फुलं येतात, दिसायला छान. पण त्याच्या पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात. माळ्याने छाटून ओढ्याकडे टाकलेली एक फांदीसुद्धा तिथे रुजते. बागेत असेल तर काढा, आणि छाटण बाहेर टाकू नका.

३. गाजरगवत उपटायचं नेमकं कधी?

पाऊस पडून जमीन मऊ झाली की, आणि फूल यायच्या आत. बाकी काहीही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. एका मोठ्या रोपावर पंधरा ते पंचवीस हजार बिया तयार होऊ शकतात. फुलावर आलेलं रोप उपटून खांद्यावरून नेलं तर वाटभर आपणच पेरणी करतो.

पुण्यात पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत सगळीकडे एकदम उगवण दिसते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल दिसू लागतं. म्हणजे हातात वेळ जेमतेम महिन्याचा. आम्ही जुलैचे सगळे रविवार सकाळी साडेसात ते नऊ यासाठी राखून ठेवतो. जमीन ओली असताना रोप बुडाशी धरून ओढलं की मुळासकट येतं. कोरड्या मुरमात तेच रोप वरून तुटतं आणि बुडातून परत फुटतं, म्हणून सप्टेंबरच्या उघडिपीत खुरपं लागतंच.

एकदा उपटून काम संपत नाही. पावसाच्या प्रत्येक मोठ्या सरीनंतर नवी उगवण होते, आणि जिथे पाणी मिळतं (नळाखाली, टँकर उभा राहतो तिथे, ठिबकच्या गळतीपाशी) तिथे गाजरगवत बाराही महिने उगवतं. तेवढ्या जागा वहीत लिहून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा.

४. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, दमा होतो म्हणतात. रहिवाशांनी उपटावं का?

म्हणतात ते खरं आहे. काहींच्या हातांवर, मानेवर पुरळ उठतं, पापण्या सुजतात. परागकणांमुळे शिंका आणि दमा वाढतो. काहींना पहिल्या वर्षी काही होत नाही आणि तिसऱ्या वर्षी त्रास सुरू होतो, म्हणून 'मला काही होत नाही' असं म्हणून उघड्या हाताने उपटू नका. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकावर मास्क, घरी आल्यावर कपडे वेगळे धुवायचे. दम्याचे किंवा ॲलर्जीचे रुग्ण आणि लहान मुलं यांना या कामापासून लांब ठेवा. त्यांच्यासाठी गवताचं बी गोळा करणं, रोपांना पाणी घालणं अशी कामं आहेत.

रोजंदारीवर बाया लावल्या तर हातमोजे आणि मास्क सोसायटीने द्यायचे. दिवसभर उघड्या हाताने गाजरगवत उपटायला लावणं हा अन्याय आहे, आणि आम्ही तो पहिल्या वर्षी केला. एका मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेले पाहिल्यावर डोळे उघडले. त्यानंतर हातमोज्यांशिवाय काम सुरू होत नाही.

साप हा दुसरा मुद्दा. घाणेरीच्या जाळीत घोणस, फुरसं, नाग असू शकतात. आधी लांब काठीने आपटून आवाज करा, पायात गमबूट घाला, आणि दिसत नाही तिथे हात घालू नका.

५. ग्रास कटर किंवा जेसीबी एकदाच फिरवून टाकला तर?

ग्रास कटरने गाजरगवत मरत नाही. वरून कापलं की बुडातून चार फांद्या फुटतात आणि तळहाताएवढ्या उंचीवरच फुलं येतात. फुलावर असताना कटर फिरवला तर बी सगळीकडे उडतं ते वेगळंच. रस्त्याच्या कडेला उंच गवत नको म्हणून कटर वापरायचा असेल तर फुलाआधी, आणि ओलसर जमिनीत हाताने उपटण्याच्या जोडीला.

जेसीबीचं तर नावही काढू नका. आमच्याकडे एका मे महिन्यात उतार 'स्वच्छ' करून घेण्याचं ठरलं. दोन दिवसांत घाणेरी, गवत, दगड, वरचा मातीचा थर सगळं खरवडून निघालं. सगळ्यांना समाधान वाटलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मोठा पाऊस झाला तेव्हा तो लाल चिखल पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत आला. आणि जुलैअखेर त्या मोकळ्या उतारावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाजरगवताखेरीज एक पान नव्हतं. उघडी, ढवळलेली जमीन त्याला सगळ्यांत जास्त मानवते. आधी तिथे निदान अर्ध्या भागात कुसळी आणि मारवेल ही इथली गवतं होती. ती परत आणायला आम्हाला चार वर्षं लागली.

६. तणनाशक मारून मोकळं का होऊ नये? आणि मिठाचं पाणी?

ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा होते. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं आहे. माळ्याच्या हाती पंप देऊन मारून घेणं त्यात बसत नाही. शिवाय ते निवड करत नाही: गाजरगवताबरोबर मारवेलही जातं, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत पुढच्या सरीला परत गाजरगवतच येतं. ओढ्याच्या काठाला कोणतंही तणनाशक नको. पॅराक्वाट तर सोसायटीच्या आवारातच येऊ देऊ नका. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

पाण्यात १५ ते २० टक्के मीठ विरघळवून कोवळ्या गाजरगवतावर फवारलं की ते करपतं, हे खरं आहे. फरशीच्या फटी, भिंतीचा पाया, पार्किंगची कड अशा जागी चालेल. उतारावर किंवा झाडांच्या आळ्यात नको, मीठ मातीत उरतं.

७. गाजरगवत खाणारे भुंगे मिळतात असं ऐकलं. आणून सोडावेत का?

हे मेक्सिकन भुंगे, शास्त्रीय नाव जायगोग्रामा बायकलराटा. मळकट पांढऱ्या पाठीवर गडद नागमोडी रेघा असतात. १९८४ मध्ये बंगळुरूत ते पहिल्यांदा सोडले गेले, आता देशाच्या बऱ्याच भागांत आपोआप आढळतात. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय त्यांवर काम करतं आणि दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताहही पाळतं. आणण्याआधी ऑगस्टमध्ये आपल्याच रोपांची पानं उलटून बघा, बहुधा ते तिथे असतीलच. चाळणीसारखी झालेली पानं दिसली की तो भाग शेवटी उपटा, भुंग्यांना खाऊ द्या. मात्र हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ते जमिनीत दडून बसतात, त्यामुळे सगळं त्यांच्यावर सोपवून चालत नाही.

८. उपटलेल्या ढिगाचं काय करायचं? जाळलं तर?

जाळू नका. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे आणि धूर वरच्या मजल्यांवर जातो. फूल यायच्या आधीचं गाजरगवत खुशाल कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, चांगलं खत होतं. फुलावर आलेलं असेल तर वेगळं ठेवा: जागेवरच पोत्यात भरा, तोंड बांधा आणि उन्हात काळ्या प्लास्टिकखाली पूर्ण कुजेपर्यंत राहू द्या. ते खत टेकडीवर वापरू नका. घाणेरीच्या फांद्या वाळवून उतारावर आडव्या रचल्या की माती अडते. त्यांचं दुसरं कामही आहे, ते पुढच्या उत्तरात.

९. घाणेरी दर वर्षी तोडतो आणि दर वर्षी दुप्पट येते. काय चुकतंय?

तोडणंच चुकतंय. वरून कोयता मारला की बुंध्यातून दहा फुटवे येतात. जमिनीखाली तीन-चार इंचांवर, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तिथे, कुदळीने तोडायचं. ते झुडूप तिथेच उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, म्हणजे ते परत रुजत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी ही पद्धत जंगलांसाठी बसवली आणि ती सोसायटीच्या उतारावरही तंतोतंत लागू पडते. खड्डा होत नाही, माती उघडी पडत नाही. उलटं झुडूप वाळून काटेरी आडोसा तयार होतो, त्याच्या आत रोप लावलं तर गुरं-शेळ्या तोंड घालत नाहीत.

पुढची दोन वर्षं पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपं तिथेच येतील, विशेषतः झाडांखाली. ती वीतभर असताना हाताने निघतात.

१०. पण घाणेरीवर फुलपाखरं येतात, बुलबुल घरटी करतात. काढणं बरोबर आहे का?

हा प्रश्न आम्हालाही पडला होता आणि तो रास्त आहे. फुलपाखरं खरंच येतात, बुलबुल आणि वटवट्या आडोशाला राहतात, मुंगसाची जोडी आमच्याकडे घाणेरीतच होती. म्हणून सगळी घाणेरी एका वर्षात काढू नका. आम्ही उताराचे पाच पट्टे पाडले आणि दर वर्षी एकच पट्टा घेतला. तो मोकळा झाला की त्यात निर्गुडी, करवंद, धायटी लावली. ती छातीएवढी झाली की पाखरांना आडोसा तयार. काम हिवाळ्यात करायचं, आणि जाळीला हात लावण्याआधी घरटं आहे का ते पाहायचं. अंडी किंवा पिल्लं दिसली तर ते झुडूप महिनाभर सोडून द्यायचं. वेळ लागतो. लागू द्या.

११. सुबाभूळ आणि गिरिपुष्प उपरे आहेत, मग तोडायला परवानगी कशाला?

कारण कायद्याच्या लेखी ती झाडं आहेत. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, फांद्या छाटायच्या असल्या तरी. अर्ज उद्यान विभागात करायचा, सोबत झाडांचे फोटो आणि बदल्यात कोणती देशी झाडं लावणार त्याची यादी जोडायची. परवानगी हातात येईपर्यंत कुऱ्हाड लावू नका.

तोपर्यंत करण्यासारखं पुष्कळ आहे. सुबाभळीच्या खाली शेकडो बोटभर रोपं उगवलेली असतात, ती ओल्या जमिनीत सहज निघतात. मोठं झाड तोडलं तरी बुंध्यातून फुटतं, त्यामुळे परवानगी मिळाल्यावर वर्षभर फुटवे मोडत राहावं लागतं. धनगरांच्या शेळ्या या कामी मदत करतात, सुबाभळीचा पाला त्या आवडीने खातात. घाणेरी मात्र त्यांना विषारी आहे, तिच्याजवळ चारू नका.

एके काळी चारा आणि जळण म्हणून ही झाडं मुद्दाम लावली गेली. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला तो गरीब शेतकऱ्याच्या गुरांसाठी, आणि गुरांच्या गोठ्याशेजारी ती आजही कामाचीच आहे. टेकडीवर तिचं काम नाही.

१२. ओढ्यात जलपर्णी भरली आहे. आम्ही काढू शकतो का?

काठावरून दाताळ्याने ओढून काढता येते, पण ओढा महापालिकेच्या अखत्यारीत असतो, त्यामुळे आधी क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवा. पाण्यात उतरू नका, खाली काय आहे ते दिसत नाही. काढलेली जलपर्णी काठावर ठेवली तर पुढच्या पुरात परत पाण्यात जाते, म्हणून वर उचलून आणा. पण जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या खतावर, आणि मोसमात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. सोसायटीचं मैलापाणी शुद्धीकरण यंत्र बंद असेल आणि पाणी तसंच ओढ्यात जात असेल तर आधी ते सुरू करा. आम्हीही तिथूनच सुरुवात केली.

१३. विलायती तुळस उपटायला घरातल्या मोठ्यांचा विरोध आहे, आणि कॉसमॉसची फुलं तर सगळ्यांनाच आवडतात.

वृंदावनातली तुळस आणि ही वेगळी. ही अमेरिका खंडातून आलेली, नात्याने तुळशीच्याच कुळातली, पण पूजेत हिला स्थान नाही. दोन्हींची पानं शेजारी ठेवून वास घ्यायला सांगा, आमच्याकडे एवढ्यानेच आजींची समजूत पटली. उपटताना त्याही आल्या.

कॉसमॉस अवघड. ऑक्टोबरात नारिंगी उतार पाहून कुणाचंही मन भरून येतं. पण त्याच्या दाट सावलीत मुसळी, आभाळी, कळलावी, तेरडा यांना उजेड मिळत नाही. काळ्या सुईसारखं बी मोजे-पायजम्याला चिकटून पुढच्या टेकडीवर जातं. 'बी गोळा करून टेकडीवर टाकू या' असा निरोप दर वर्षी फिरतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा. आणि पिवळी फुलं दिसली म्हणून सरसकट उपटू नका: सोनकी आपली, सह्याद्रीची आहे. ती गुडघ्याच्या खालीच राहते आणि तिचं फूल लहान, लख्ख पिवळं असतं.

१४. माळ्याने तणाबरोबर आघाडा, टाकळा सगळंच उपटलं. हे कसं टाळायचं?

श्रावणात मंगळागौरीला आणि भाद्रपदात गणपतीच्या पत्रीला आघाडा शोधत फिरावं लागतं आणि तोच आपण जूनमध्ये कचऱ्यात टाकतो. आम्ही दोन उपाय केले. 'राखायच्या' आणि 'काढायच्या' रोपांचे खरे नमुने वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि तो पुठ्ठा माळ्याच्या खोलीत टांगला. फोटोपेक्षा नमुना बरा, पान हातात घेऊन ताडून बघता येतं. आणि पहिल्या पावसात कोवळा टाकळा भाजीसाठी खुडायला सगळ्यांना बोलावलं. ज्याची भाजी खाल्ली ते रोप माणूस विसरत नाही.

१५. साफ केलेल्या जागेत काय लावायचं?

आधी गवत, मग झुडपं, झाडं सगळ्यांत शेवटी. मारवेलचे ठोंब पाऊस लागल्यावर हातभर अंतरावर लावा. पवन्याचं आणि कुसळीचं बी दिवाळीच्या सुमारास जवळच्या चांगल्या गवताळ जागेतून गोळा करून पुढच्या जूनमध्ये टाका. झुडपांत निर्गुडी, करवंद, धायटी, हेंकळ, मुरूडशेंग. झाडांत पळस, पांगारा, मोई, मेडशिंग. वृक्षारोपणाच्या उत्साहात दर पाच फुटांवर खड्डे घेऊ नका, या टेकड्या मुळात विरळ झाडांच्या आणि गवताच्या आहेत.

खड्ड्यात भरायला बाहेरून पोयटा किंवा शेणखत आणाल तर गाजरगवताचं बी हमखास सोबत येतं. इमारतीच्या दुरुस्तीचा राडारोडा टाकला तरी तेच. अशा प्रत्येक जागी दोन पावसाळे लक्ष ठेवा.

१६. कुंपणापलीकडून बी येतं, पण ती जागा आमची नाही.

पलीकडे वनजमीन असेल तर परवानगीशिवाय काहीही तोडू नका, घाणेरीसुद्धा. वनविभागाला पत्र देऊन संयुक्त श्रमदान मागता येतं. खासगी प्लॉट असेल तर मालकाला भेटा. आमच्या शेजारचे काका पत्राने हलले नाहीत, पण जुलैत चहा घेऊन गेलो आणि 'तुमचंही आम्हीच उपटतो' म्हटलं तेव्हा स्वतःच कुलूप उघडून दिलं. काहीच जमलं नाही तर आपल्या बाजूला कुंपणालगत दहा फुटांचा दाट गवताचा पट्टा राखा.

१७. खर्च मंजूर कसा करून घ्यायचा?

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, म्हणजे काम संपल्यावर. त्यामुळे ठराव पुढच्या वर्षासाठी मांडा आणि तीन वर्षांचा एकत्र मांडा, नाहीतर दुसऱ्या वर्षी 'आत्ता तर साफ दिसतंय' म्हणून रक्कम कापली जाते आणि आधीचे पैसे वाया जातात. मजुरी, हातमोजे, रोपं एवढाच खर्च. सभेच्या आदल्या रविवारी सभासदांना उतारावर फिरवून आणा, तिथे तासभर उभे राहिलेले लोक सभेत वाद घालत नाहीत.

१८. सहा वर्षांनंतर तुमच्याकडे काय दिसतं?

पाचपैकी चार पट्ट्यांत गाजरगवताचं रोप शोधावं लागतं. टँकर वळतो त्या कोपऱ्यात ते अजून दर महिन्याला येतं. गेल्या श्रावणात जेसीबीने खरवडलेल्या जागी, हेंकळाच्या काट्यांतून वर चढलेली कळलावी फुलली. लाल-पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या, पानाच्या टोकाला धाग्यासारखा आकडा. ती आम्ही लावली नव्हती. तिचा कंद विषारी असतो, म्हणून मुलांना सांगून ठेवलं आहे: बघायचं, हात लावायचा नाही.